सेव्ह केलं होतं, तरी गेलं

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात संगणक बंद करताना शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटायचं: आता संगणक बंद करायला हरकत नाही. ते दिसेपर्यंत थांबायचं आणि मग सीपीयूच्या डब्याचं बटण दाबायचं, एवढं कुठल्याही संगणक क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई. का थांबायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगे. त्या काही सेकंदांत ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या मेमरीत राहिलेलं, डिस्कवर अजून न उतरलेलं लिखाण उतरवून घेत असे. सगळं उतरलं की वाक्य यायचं. ज्या गावांत वीज न सांगता जात होती, तिथले कितीतरी संगणक हे वाक्य न दाखवताच बंद पडत.

सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला हे अशा गावांपैकी एक. माणगंगेकाठचा, पर्जन्यछायेतला, दुष्काळाशी पिढ्यानपिढ्या झुंजलेला हा तालुका. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव १७५० च्या सांगोला करारासाठी येतं. छत्रपती रामराजांनी राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती सोपवला तो इथे. राजकारणात ते येतं गणपतराव देशमुखांमुळे, जे इथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. बाजारात डाळिंबामुळे. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली तीही सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पण या तालुक्याचा, आणि त्याच्यासारख्या शेकडो तालुक्यांचा, आणखी एक इतिहास आहे आणि तो कुणी लिहून ठेवलेला नाही. अमेरिकेत बसलेल्या इंजिनिअरांनी संगणकाच्या कॅशचे नियम ठरवले, वीज सतत असते असं धरून. ते नियम इथल्या आडतीच्या दुकानांत, पतसंस्थांत, डीटीपीच्या गाळ्यांत आले, तेव्हा जे झालं त्याचा हा इतिहास आहे.

कॅश म्हणजे काय हे आडत्याला समजावणं सोपं आहे. सौदे चालू असताना तो कच्च्या वहीत भराभर लिहितो आणि सवडीने खतावणीत उतरवतो. कच्ची वही हाताशी असते म्हणून काम अडत नाही. पण संध्याकाळ व्हायच्या आत कच्ची वहीच जळाली, तर दिवसभराचे सौदे खतावणीत कधी येणारच नाहीत. संगणकाची रॅम ही कच्ची वही आणि डिस्क ही खतावणी. एवढं धरलं की पुढचं सगळं कळतं.

ही सोय मुळात का लागली, तर डिस्क फार हळू होती म्हणून. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई त्या वर्तुळावर नेऊन ठेवायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागांवरचं वाचन-लेखन सेकंदाला शंभराच्याही आतच. रॅममधली गोष्ट याच्या लाखपट लवकर हाती येते. म्हणून जे पुन्हा लागेल ते रॅममध्ये धरून ठेवायचं आणि जे लिहायचं ते आधी रॅममध्ये घेऊन मागाहून डिस्कवर टाकायचं, हा विचार फार जुना आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची कल्पना मांडली. डिस्कच्या बाबतीत युनिक्सने सत्तरच्या दशकात तेच केलं. त्यात दर तीस सेकंदांनी एक छोटा प्रोग्रॅम साठलेलं सगळं डिस्कवर उतरवी. तीस सेकंदांचं काम धोक्यात राहतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि मान्यही होतं. ती यंत्रं विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होती, देखभालीला माणसं होती.

घरगुती संगणकावर हा सौदा आला तेव्हा तो कुणाला विचारून आला नाही. मार्च १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉस ६ काढलं. त्यातल्या स्मार्टड्राइव्ह या कॅशमध्ये उशिरा लिहिण्याची पद्धत आपोआप चालू असायची. फाइल सेव्ह झाली, पडद्यावर प्रॉम्प्ट परत आला, माणसाने समाधानाने बटण दाबून यंत्र बंद केलं. डिस्कवर मात्र अजून काही उतरलेलंच नव्हतं. तक्रारींचा पाऊस पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या डॉस ६.२ मध्ये नियम बदलला: कॅशमधलं सगळं डिस्कवर गेल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येणार नाही. या सगळ्या गोष्टीत मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. तंत्र तेच, यंत्र तेच. फक्त ‘झालं’ हे कधी म्हणायचं, एवढंच बदललं, आणि माणसांची कामं वाचली.

याच सुमारास खुद्द डिस्कच्या आतही एक कच्ची वही आली होती. डिस्कला सांभाळणारी कंट्रोलर चिप हा ऐंशीच्या दशकातला मोठा धंदा होता आणि त्यात एक नाव आपल्या ओळखीचं आहे. जमशेदपूरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत आणि पुढे एमआयटीत शिकलेले सुहास पाटील यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत पाटील सिस्टिम्स ही कंपनी काढली. तीच पुढे सिरस लॉजिक झाली आणि हार्ड डिस्कच्या कंट्रोलर चिपांसाठी नावाजली. डिस्कच्या पाटीवर अशा चिपेबरोबर थोडी मेमरी असायची, काही केबींपासून वाढत वाढत पुढे दोन, आठ, सोळा एमबी. विंडोजने डिस्ककडे दिलेलं लिखाण डिस्क आधी या मेमरीत घेई आणि लगेच ‘मिळालं’ म्हणून कळवी. म्हणजे एकदा सेव्ह केलेली फाइल खरोखर कायम होण्याआधी दोन ठिकाणी थांबत होती, एकदा विंडोजच्या कॅशमध्ये आणि एकदा डिस्कच्या. विंडोज ९८ च्या शेवटच्या काळात तर अशी वेळ आली, की वेगवान यंत्रांवर विंडोज स्वतःच वीज तोडे आणि डिस्कच्या मेमरीतलं लिखाण मध्येच राही. शेवटी मायक्रोसॉफ्टला बंद होण्यापूर्वी थोडा वेळ थांबायला लावणारी दुरुस्ती द्यावी लागली.

हे सगळं सांगोल्यासारख्या गावांत पोचलं ते २००० नंतर. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्याच्या गावांत सात-आठ संगणकांच्या लॅब उघडल्या. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं तेव्हा शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बारावी झालेली मुलं-मुली सगळी त्या लॅबमध्ये बसली. डीटीपीवाले श्रीलिपी आणि पेजमेकरवर लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, जत्रेचे फलक करत. दुकानांत आणि पतसंस्थांत हिशेबासाठी टॅली आली. वर्ष-दोन वर्षांत तालुक्याच्या कामकाजाचा मोठा भाग कागदावरून डिस्कवर गेला.

आणि नेमकी हीच वर्षं भारनियमनाची होती. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. मागणी वाढत होती, राज्यात हजारो मेगावॉटचा तुटवडा होता. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, पण वीज आली नाही. गळती आणि वसुली पाहून भागांचे गट पाडले गेले आणि ग्रामीण भागात दिवसाचे आठ-दहा-बारा तास लाईट नसणं हे नेहमीचं झालं. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरांची वीज घेऊन शहर भारनियमनमुक्त करण्याचा प्रयोग झाला. पुण्यात त्या वेळी संगणकाच्या फाइल सिस्टिमवर काम करणारे इंजिनिअर होते. व्हेरिटाससारख्या कंपनीची केंद्रं तिथे होती, लिखाण कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं आणि कधी थेट डिस्कवर न्यायचं याच्या बारीक सेटिंगांवर तिथे काम चाले. तेच विंडोज, त्याच कॅशच्या सेटिंगसह, पुण्यात एक वागणूक देई आणि सांगोल्यात दुसरी. मला हा फरक त्या काळाच्या कोणत्याही आकडेवारीइतका बोलका वाटतो.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्या भारनियमनाचं वेळापत्रक असे, त्याने डेटाचं नुकसान फारसं केलं नाही. दुपारी दोनला लाईट जाणार हे माहीत असलं की पावणेदोनला माणूस संगणक बंद करी. घात करी ती न सांगता जाणारी वीज. वळवाच्या वाऱ्यात तार तुटणं, डीपीवरचा फ्यूज उडणं, एक फेज जाणं. आणि आणखी एक, ज्याचा संबंध थेट शेतीशी आहे. शेतीला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळे, म्हणून विहिरी-बोअरच्या मोटारींना शेतकऱ्यांनी ऑटो स्विच बसवून ठेवलेले असत. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होत आणि त्या क्षणी व्होल्टेज कोसळे. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनपासून वेगळी होईपर्यंत गावातल्या बल्बांबरोबर संगणकांनाही हा धक्का बसत राहिला. त्यात शेतकऱ्याची चूक काहीच नव्हती. डाळिंबाला पाणी हवंच होतं.

संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावरही जरा वेळ दम धरतो. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे हा दम सोळा-सतरा मिलिसेकंदांचा. तेवढ्यात दुसरी वीज आली तर संगणकाला काही कळत नाही, नाही आली तर तो बंद पडतो. आणि घराघरांत, दुकानादुकानांत तर तोवर इन्व्हर्टर आले होते. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल असं. यूपीएसवर ठेवलं तर इन्व्हर्टर दहा-पंधरा मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. पण मग व्होल्टेज जरा खाली गेलं तरी तो लाइन सोडून बॅटरीवर जातो, आणि ज्या गावात संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर येतं तिथे बॅटरी रात्रभरात संपते. म्हणून लोक बटण नॉर्मलवर टाकत. त्यात पंखे-बल्ब कमी व्होल्टेजवरही चालू राहतात, मात्र अदलाबदलीला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात संगणकाचा दम संपतो. इन्व्हर्टर असूनही संगणक का बंद पडतो, याचं उत्तर या बटणात होतं. वेगळा छोटा यूपीएस घेतलेल्यांचं बरं चाले, त्याची बॅटरी दोन वर्षांनी बसेपर्यंत. नंतर तो फक्त टीं-टीं करी.

डीटीपी करणाऱ्यांनी यावर आपला उपाय काढला होता: दर ओळीला कंट्रोल-एस. बोटांना त्याची सवयच लागली. पण कंट्रोल-एसने फाइल प्रोग्रॅमच्या हातातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जाते, थेट डिस्कवर जात नाही. विंडोजच्या आत हे काम करणारी यंत्रणा दर सेकंदाला उठते आणि साठलेल्या लिखाणाचा साधारण एक अष्टमांश भाग डिस्कवर पाठवते. म्हणजे नुकतंच सेव्ह केलेलं काम काही सेकंद तरी रॅममध्येच असतं. त्या सेकंदांत लाईट गेली तर ऑपरेटर सांगे, ‘सेव्ह केलं होतं, तरी गेलं.’ मालकाला ते पटत नसे. ऑपरेटर खरंच बोलत असे.

२००१ च्या शेवटी आलेल्या विंडोज एक्सपीने आणि त्याच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमने यात थोडा दिलासा दिला. ९८ च्या काळी लाईट गेल्यावर पुढच्या वेळी स्कॅनडिस्कची निळी पट्टी सरकत बसे, कधी अर्धा तास. एनटीएफएस बदलांची नोंद आधी एका लॉगमध्ये करते, त्यामुळे लाईट गेली तरी डिस्कचा ढाचा शाबूत राहतो आणि संगणक लवकर उठतो. मात्र ही नोंद फाइलींच्या नावांची, जागांची आणि आकारांची असते, आतल्या मजकुराची नसते. त्यामुळे फाइल जागेवर दिसे, आकारही बरोबर असे, उघडली तर आत नुसती शून्यं. टॅलीवाल्यांना हा अनुभव फार आला. लाईट गेल्यानंतर कंपनी उघडताना चूक दाखवायची आणि मग कंट्रोल-आल्ट-आर दाबून डेटा रीराइट करायचा, ही युक्ती हिशेबनीसांनी एकमेकांकडून शिकून घेतली. मार्चअखेरीच्या दिवसांत तिचा किती उपयोग झाला असेल ते हिशेबनीसच जाणोत.

असं फक्त आपल्याकडेच होत होतं असं नाही. २००९ च्या सुरुवातीला लिनक्सच्या नव्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर नेमका हाच वाद पेटला. वेगासाठी तिथे डिस्कवरची जागा ठरवणंच पुढे ढकललं होतं. जुन्या एक्स्ट३ मध्ये साधारण पाच सेकंदांत उतरणारं लिखाण आता अर्धा-एक मिनिट राहू लागलं. संगणक अचानक बंद पडला की वापरणाऱ्यांना शून्य आकाराच्या फाइली मिळू लागल्या. फाइल सिस्टिम लिहिणाऱ्या थिओडोर त्सो यांचं म्हणणं, की ज्या प्रोग्रॅमला खात्री हवी त्याने स्पष्ट मागावी, त्यासाठी एफसिंक नावाची सोय आहे. वापरणाऱ्यांचं म्हणणं, नियम काहीही असो, आमची फाइल गेली. त्सो यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही, पण नेहमीच्या प्रसंगांत लिखाण लवकर उतरेल अशी दुरुस्ती केली. डॉस ६.२ वेळी झालं तेच सोळा वर्षांनी पुन्हा झालं.

तोवर एसएसडी आली होती. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. आज एसएसडीत असते ती नँड जात त्यांनी १९८७ मध्ये मांडली. सामान्य ग्राहकाने विकत घ्यावी अशी पहिली खरोखर वेगवान एसएसडी म्हणजे सप्टेंबर २००८ मधली इंटेलची एक्स२५-एम. ८० जीबीला ५९५ डॉलर. फिरणारी तबकडी नाही, सुई नाही, विखुरलेल्या जागांवरचं वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. ज्या उणिवेपोटी चाळीस वर्षं कॅशचा सगळा खटाटोप उभा राहिला होता, तीच जवळजवळ नाहीशी झाली.

पण फ्लॅशचा स्वभाव वेगळा आहे. लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच पुसता येतो. २००८ मधल्या स्वस्त एसएसडींत जेमायक्रॉनचा एक कंट्रोलर असे, त्याला कॅशसाठी पुरेशी मेमरी नव्हती. बारीकसारीक लिखाण अंगावर आलं की तो अर्धा-अर्धा सेकंद अडकून पडे आणि सगळा संगणक थिजे. या दोन भीतींतून, झिजण्याच्या आणि अडकण्याच्या, सल्ल्यांची एक यादी तयार झाली. सुपरफेच बंद करा, प्रीफेच बंद करा, पेजफाइल दुसऱ्या डिस्कवर हलवा, इंडेक्सिंग बंद, हायबरनेशन बंद, ब्राउझरची कॅश रॅममध्ये टाका. २००८ साली, त्या एसएसडीसाठी, ही यादी शहाणपणाची होती. ज्यांनी ती केली त्यांनी आपापल्या यंत्रांवर तासन् तास घालवून केली होती.

पुढच्याच वर्षी तिचा पाया सरकला. मे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ७ च्या चमूने आपली मोजमापं प्रसिद्ध केली. पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं त्या जागेत, दर एका लेखनामागे साधारण चाळीस वाचनं होतात, आणि वाचनं बहुतेक बारीक असतात. म्हणजे एसएसडी ज्यात सर्वांत तरबेज तेच काम. पेजफाइल एसएसडीवरून हलवू नका, उलट तिथेच ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेलं विंडोज ७ एसएसडी ओळखू लागलं, पुसलेल्या जागा तिला कळवणारी ट्रिम ही आज्ञा देऊ लागलं, आणि ड्राइव्ह वेगवान असली तर सुपरफेच, डीफ्रॅग वगैरे आपणहून बाजूला ठेवू लागलं. झिजण्याच्या भीतीचं उत्तर २०१३ ते २०१५ मध्ये मिळालं. टेक रिपोर्टने सहा साध्या एसएसडींवर त्या मरेपर्यंत लिहीत राहण्याचा प्रयोग केला. पहिली सुमारे ७०० टेराबाइटनंतर गेली, शेवटची २,४०० टेराबाइटच्या पुढे. आडतीच्या दुकानातल्या संगणकाला एवढं लिहायला कित्येक जन्म लागतील.

यादी मात्र मेली नाही. तिची इंग्रजीतून हिंदीत, लेखांतून व्हिडिओंत, व्हिडिओंतून तालुक्याच्या रिपेअरिंगच्या दुकानांत नक्कल होत राहिली. एसएसडीचे भाव २०१८-१९ च्या सुमारास उतरले तेव्हा सांगोल्यासारख्या गावांत एक सुंदर गोष्ट घडली. दहा-दहा वर्षांचे, विंडोज १० खाली धापा टाकणारे, टास्क मॅनेजरमध्ये सदा ‘डिस्क १०० टक्के’ दाखवणारे संगणक १२० किंवा २४० जीबीची एसएसडी टाकून पुन्हा कामाला लागले. पाच मिनिटांनी सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागलं. नवा संगणक घेण्याची ऐपत नसलेल्या शाळांना, झेरॉक्सवाल्यांना, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या मुलांना याचा किती आधार झाला, हे त्या काळात अशा कुठल्याही गावात गेलेल्याला माहीत आहे. मात्र कित्येक ठिकाणी एसएसडीबरोबर ती जुनी यादीही बसवली जाई. नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारं सुपरफेच, ज्याचं नाव तोवर सिसमेन झालं होतं, हार्ड डिस्कच्या काळात बंद करण्याला अर्थ होता, कारण तिथे ते सुईला पळवत राही. एसएसडीवर ते बंद करून वेग वाढत नाही, आणि रॅम कमी असलेल्या यंत्रावर कधी उलट तोटा होतो, कारण मेमरी दाबून बसवण्याचं काम विंडोज १० मध्ये त्याच्याच हाती आहे.

यादीतल्या यापैकी एकाही गोष्टीने कुणाचा डेटा गेला नसता. एक सेटिंग मात्र तशी नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज या पानावर दोन चौकोन असतात. पहिला राइट कॅशिंग चालू करणारा, तो आधीच टिक केलेला असतो आणि तसाच ठेवावा. तो काढला तर एसएसडी खूप मंदावते आणि झिजतेही जास्त. दुसऱ्या चौकोनाने विंडोज ड्राइव्हला ‘आता तुझ्या मेमरीतलं सगळं कायमचं उतरव’ ही आज्ञा देणंच थांबवतं. टॅली असो वा बँकेचा डेटाबेस, खात्री मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम याच आज्ञेवर विसंबून असतो. मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये ही टिक केल्यावर आकडे वाढलेले दिसतात, म्हणून ‘एसएसडी फास्ट करा’ या सल्ल्यांत ती शिरली. चौकोनाखाली मायक्रोसॉफ्टने स्वच्छ इशारा लिहिला आहे, की ड्राइव्हला स्वतंत्र वीजपुरवठा असल्याशिवाय इथे टिक करू नका. इशारा इंग्रजीत आहे, आणि तो वाचणाऱ्याला इन्व्हर्टर म्हणजेच स्वतंत्र वीजपुरवठा असं वाटणं स्वाभाविक आहे. इन्व्हर्टरचं बटण नॉर्मलवर असताना तो तसा नसतो.

आणि एसएसडीवर हा धोका पूर्वीसारखा एका फाइलपुरता राहत नाही. कुठलं पान चिपेत कुठे ठेवलं आहे याचा नकाशा एसएसडी स्वतः ठेवते आणि तो सतत बदलत असतो. नकाशा अर्धवट लिहिलेला असताना वीज गेली तर सगळा ड्राइव्हच हरवू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच उत्पादकांच्या पंधरा एसएसडींची मुद्दाम वीज तोडून पाहिली. तेरांमध्ये काही ना काही बिघडलं: कुठे मजकूर विस्कटला, कुठे अर्धवट लिहिला गेला, कुठे अख्खी ड्राइव्ह निकामी झाली. त्याआधी २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेत तर वीज गेल्यानंतर कधीकधी ड्राइव्ह आपली क्षमता फक्त ८ एमबी सांगू लागे. कंपनीला नवं फर्मवेअर द्यावं लागलं. हार्ड डिस्क मरताना कटकट आवाज करी, दोन दिवस आधी कळे. एसएसडी सकाळी बायोसमध्ये दिसतच नाही.

यावर उपाय कारखान्यात फार पूर्वीच निघाला आहे. सर्व्हरसाठीच्या एसएसडींच्या पाटीवर छोट्या कपॅसिटरांची रांग असते. वीज गेली की त्यांच्यातली साठवण मेमरीतलं सगळं चिपेवर उतरवायला पुरते. त्या ड्राइव्ह महाग असतात आणि तालुक्याच्या दुकानाच्या काउंटरवर येत नाहीत. तिथे येते ती कपॅसिटर नसलेली, बऱ्याचदा स्वतःची रॅमही नसलेली आणि संगणकाच्याच रॅममधून थोडी जागा मागून घेणारी.

महाराष्ट्राची वीज आता तेव्हाची राहिलेली नाही. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. म्हणजे ज्या जिल्ह्याने बारा-बारा तास अंधार सोसला, त्याच जिल्ह्यातून देशाच्या विजेचा शेवटचा दुवा जुळला. पुढे सोलापूरजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संचही उभे राहिले. ठरलेलं भारनियमन गेलं. वळवाचा वारा, झंपर आणि फ्यूज मात्र गेले नाहीत, आणि आता वीज क्वचित जाते म्हणून लोकांनी यूपीएसची बॅटरी बदलणं सोडलं आहे.

म्हणून पतसंस्थेत, दुकानात, डीटीपीच्या गाळ्यात ज्यांच्या टेबलावर अजून डेस्कटॉप आहे त्यांनी एवढं करावं. पॉलिसीजमधला पहिला चौकोन टिक केलेला आणि दुसरा रिकामा आहे ना ते पाहावं. कुणी रिपेअर करून दिल्यावर तर नक्की पाहावं. सिसमेन आणि पेजफाइल विंडोजवर सोपवावीत. संगणकाला पाचशे-सहाशे व्हीएचा वेगळा यूपीएस द्यावा आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लावून ठेवू नये. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना यातलं बरंचसं आपोआप मिळालेलं आहे, कारण त्यांची बॅटरी यंत्राच्या पोटातच आहे. ती फुगली म्हणून काढून ठेवून लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवणाऱ्यांनी मात्र स्वतःला डेस्कटॉपवाल्यांतच धरावं.